वाचनालयातली भरदुपारची रात्र

वाचनालयात नोकरी केलेल्या माणसाला गाव जरा वेगळं दिसतं. डॉक्टरला गावाची दुखणी दिसतात, वकिलाला भांडणं दिसतात, आम्हाला आवडी दिसतात. मी अड्याळच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बसलो तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं आणि उठलो तेव्हा डोक्यावरचे केसही बरेचसे सरले होते. मधल्या काळात कोणाचं मन कशात रमतं हे मला जेवढं ठाऊक होतं, तेवढं त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसावं.

एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्या छडीच्या आठवणीने मोठमोठे बाप्ये रस्ता बदलत. ते प्रेमकथा न्यायचे. वर एक अध्यात्माचं पुस्तक ठेवून न्यायचे आणि ते वरचं पुस्तक वर्षभर तेच असायचं. धानाचे एक व्यापारी होते, दुकानात गिऱ्हाइकाला दात म्हणून दाखवायचे नाहीत. ते फक्त विनोदी पुस्तकं न्यायचे आणि परत करताना तोंड पाडून म्हणायचे, "पाहिजे तेवढं हसू नाही आलं जी." दवाखान्यातल्या कंपाउंडरला खुनाच्या कथा लागत, पण तो शेवटची पानं आधी वाचायचा. काहून, म्हणून विचारलं तर म्हणाला, "खुनी कोन हे माहीत झालं का मंग आरामात वाचता येते. नाहीतं जीव घाबरा होते."

पुस्तकाचं नाव घेऊन पुस्तक मागणारा वाचक आमच्याकडे विरळाच. बहुतेकांची मागणी आकारावर किंवा परिणामावर असे. "जाडं द्या." "पोरगी बाळंतपणाले आली आहे, रडू येईन असं द्या." "भुताचं द्या, पन लय भुताचं नोको." आपण वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी नेऊ नये म्हणून प्रत्येकाची आपली एक खूण असे. कोणी एका ठरावीक पानावर टिंब देई, कोणी कोपरा दुमडी, एक बाई हळदीचं बोट लावी. पुस्तकांवर खुणा करू नयेत अशी पाटी मीच लावली होती. त्या पाटीवरही कोणीतरी टिंब देऊन ठेवलं होतं.

ग्रंथपालाचं काम म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून वाचणं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात निम्मी नोकरी चिकटवण्यात जाते. पानं सुटतात, पुठ्ठे निखळतात, कसर लागते. गावात कोष्ट्यांचे माग होते. सुताला पाजण्यासाठी ते भाताची खळ करत, तीच मी मागून आणायचो आणि तिच्यात किडीसाठी मोरचूद टाकून पुस्तकं बांधायचो. सकाळी दारं उघडायची, भंडाऱ्याहून येणाऱ्या बसवरून वर्तमानपत्रांचं बंडल आणायचं, संध्याकाळी पुस्तकांची देवघेव करायची, आणि वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या निरीक्षकांसमोर सगळं आलबेल दाखवायचं. त्यांच्या शेऱ्यावर आमचं अनुदान अवलंबून आणि अनुदानावर माझा पगार.

माझी स्वतःची आवड मात्र मी नोकरीभर लपवली. ग्रंथपालानं वैचारिक वाचावं असं आमच्या अध्यक्षांचं ठाम मत होतं. मला राजाराणीच्या, राक्षसांच्या आणि बोलणाऱ्या पाखरांच्या गोष्टी आवडत. अजूनही आवडतात. मोठं वर्तमानपत्र उघडून त्याच्या आड मुलांचं पुस्तक धरलं की अध्यक्षांना मी देशाच्या स्थितीवर चिंतन करताना दिसायचो.

ही आवड कुठून आली ते सांगतो. आमच्या घरी गोष्ट सांगणारं कोणी नव्हतं. वडील पटवारी, सदा बदलीवर. आई कामानं दमून पाठ टेकायची. शाळेत मात्र पोरं रात्री ऐकलेल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी सांगत. पण ती निम्म्या गोष्टीत झोपी गेलेली असत, त्यामुळे मला मिळालेली प्रत्येक गोष्ट अर्धीच. राजपुत्र विहिरीत उतरला, पुढं काय? "मले झोप लागली होती." राक्षसानं दार ठोठावलं, पुढं काय? "झोप लागली होती." असलं बालपण गेल्यावर माणूस मोठेपणी शेवट शोधत फिरणार नाही तर काय करील? वाचनालयाची नोकरी मी पगारासाठी धरली हे खरं, पण पहिल्या आठवड्यात मुलांचं कपाट उघडलं तेव्हा शेवट असलेल्या एवढ्या गोष्टी एका जागी पाहून माझे डोळे भरून आले होते.

त्या कपाटाचं दुःख असं की ते कोणी उघडतच नसे. पुस्तकं कोरी करकरीत. पोरं दाराशी येत, आत डोकावत आणि पळून जात. जिथं मोठी माणसं तोंडाला कुलूप लावून बसतात ती जागा त्यांना दवाखान्यासारखी वाटत असावी. मी ठरवलं, शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी पोरांना बोलवायचं आणि गोष्ट वाचून दाखवायची. एकदा गोष्टीची गोडी लागली की पुस्तकाला हात लावतील.

पहिल्या शनिवारी मी स्वतः वाचलं. छान आवाज काढून वाचलं. पोरं माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मी सरकारी नोटीस वाचतो आहे. शेवटी एक पोरगी म्हणाली, "मास्तर, हूं कोन देईन?" मी आयुष्यात शाळेत शिकवलं नाही, पण पुस्तकांजवळ बसतो म्हणून गाव मला मास्तर म्हणे. आमच्या भागात गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हूं' द्यायचा असतो. हूं थांबला की सांगणारा थांबतो, कारण हूं नाही म्हणजे समोरचा झोपला. मी पुस्तकात डोकं घालून, न थांबता वाचत सुटलो होतो. हूं द्यायला कुठं फटच नव्हती.

ती पोरगी म्हणजे कुंदा. सातवीत होती, डोमाजी विणकराची मुलगी. तीच म्हणाली, "माह्या मायले बोलवा नं. ते चांगली सांगते."

तिची आई सगुणाबाई. कोष्टीपुऱ्यात ती अंगणात चरख्यावर कांड्या भरत बसे. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची नळी. हात चाकावर आणि तोंडानं गोष्ट. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मी एकदा खळ आणायला गेलो असताना कुंपणाआडून तिची गोष्ट ऐकत उभा राहिलो आणि हातातल्या भांड्यातली खळ थिजून गेली. तेव्हा संध्याकाळ उलटून गेली होती. मी तिला शनिवारी दुपारी वाचनालयात येण्याची विनंती केली तशी ती दचकलीच.

"दिवसा? नाही बापा. दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते."

"कोणाचा मामा?"

"ऐकनाऱ्याचा. पोरं बसतीन पुष्कळ. एवढ्यांचे मामे मी कायले रस्त्यावर पाडू?"

मी हसलो, तर ती गंभीर झाली. तिचा एकच भाऊ होता, उरकुडा. नाकाडोंगरीकडे खाणीत कामाला. माहेरच्या मागावर सगळ्यांचं पोट भरेना म्हणून तो तरुणपणीच तिकडे गेला होता. तो आला की तिचा सण. मी म्हणालो, मग संध्याकाळी या. ती म्हणाली, संध्याकाळी पोरांच्या माया पोरं सोडणार नाहीत आणि मी चूल सोडणार नाही. आठवडाभर अशी आमची घासाघीस चालली. शेवटी मार्ग तिनंच काढला.

"दारंखिडक्या लावान का? अंधार केला तं रात्रच ते."

"लावीन."

"आन् बल्ब नोको. कंदील. बल्बानं दिवसच वाटते."

अशा तऱ्हेनं आमच्या वाचनालयात दर शनिवारी भरदुपारी रात्र होऊ लागली. मी दारं लावायचो, खिडक्यांच्या फटींवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवायचो, मध्ये कंदील ठेवायचो. पोरं मांडी घालून बसत. सगुणाबाई आल्यावर आधी एकाला विचारी, "पाह्य बरं, कुठून उजेड येते का?" तो पोरगा सगळ्या फटी तपासून "नाही" म्हणाला की गोष्ट सुरू. आणि मग तो हूं! वीस-पंचवीस पोरांचा एका सुरातला हूं मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. गोष्ट संपली की मी कपाट उघडायचो आणि पोरं कंदिलाच्या उजेडातच पुस्तकावर पडत. दसऱ्यापर्यंत ती करकरीत पुस्तकं मळून, दुमडून, सुटून माझ्या खळीच्या भांड्याशी आली. मला एवढा आनंद पुस्तकं नवी आली तेव्हाही झाला नव्हता.

कुंदा त्या सगळ्यांत पुढं. तिची आवड चमत्कारिक होती. तिला गोष्टींपेक्षा भूगोल आवडायचा. नद्या, बंदरं, कुठून कुठं आगगाडी जाते असलं ती तासन् तास वाची. मी म्हणे, अगं, आईच्या तोंडी एवढ्या गोष्टी आणि तुला हे काय? तर म्हणे, "मायच्या गोष्टीत पोरगी कुठं गेली ते कळत नाही. ह्याच्यात कळते."

दिवाळी आली आणि कोष्टीपुऱ्यातून वाईट बातमी आली. डोमाजीनं ठरवलं होतं की सुट्टी संपली की कुंदाला शाळेत पाठवायचं नाही. सगुणाबाईचे हात दुखत, कांड्या पुऱ्या पडत नव्हत्या, आणि पोरगी वाचते त्याचं कापड होत नाही, असं त्याचं म्हणणं. डोमाजी वाईट माणूस नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, दिवसभर माग. पण एकदा नाही म्हणाला की नाही. मी समजावायला गेलो तर मागावरून न उतरताच म्हणाला, "मास्तर, तुमची लायब्ररी तुमाले, माहा माग मले." पुढं धोट्याचा असा खटखटाट केला की माझं बोलणं मलाही ऐकू येईना.

तो जगात कोणाचं ऐकत असेल तर मेव्हण्याचं. एकदा डोमाजी तापानं मरायला टेकला होता तेव्हा उरकुड्यानं खाणीचं काम सोडून महिनाभर त्याची सेवा केली होती. सगुणाबाईनं भावाला निरोप धाडला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्रभर नाटक चालतं. आमच्या मंडईसाठी म्हणून उरकुडा शनिवारी येणार आणि भाचीसाठी शब्द टाकणार, असं ठरलं. सोमवारी शाळा उघडणार होती.

त्या शनिवारी गोष्ट सांगू नये, असं सगुणाबाईच्या मनात आलं होतं. पण सुट्टीमुळे पोरं जास्तच जमली होती, आणि भाऊ येणार म्हणून ती खुशीतही होती. "अंधार पक्का करा मास्तर, आज माहा भाऊ रस्त्यावर आहे," एवढंच म्हणाली. मी फटींवर दुहेरी कागद लावले.

गोष्ट कासवाची होती. एका गावाचं तळं एका कासवाच्या पाठीवर असतं. गावात कोणी त्याची विचारपूस करत नाही, म्हणून ते रुसतं आणि तळ्यासकट निघून जातं. गाव कोरडं पडतं. मग एक पोरगी त्याला शोधायला निघते.

"चालता चालता पोरगी रानात आली."

"हूं."

"तं तिथं तीन वाटा फुटल्या."

"हूं."

"एक वाट गेली पहाडीकडे, एक गेली..."

आणि दारावर थाप पडली.

सगुणाबाई थांबली. पुन्हा थाप. "कोण आहे आत?" आवाज निरीक्षकांचा होता. पवनीकडे जाता जाता, न कळवता, आमचं वाचनालय बघून जावं असं त्यांना वाटलं असावं. वेळ कार्यालयीन, वार कामाचा, आणि दारं आतून बंद.

मी दाराशी गेलो तशी कुंदानं माझ्या सदऱ्याचं टोक पकडलं. "मास्तर, नोका उघडू जी. माहा मामा येऊन राहिला नं आज."

मी फटीतून म्हणालो, "साहेब, थोडं थांबता का? गोष्ट संपू द्या."

"काय संपू द्या?"

"गोष्ट."

मग आवाज आला, "मी वाचनालय बंद असल्याचा शेरा लिहून निघतो आहे."

मी दार उघडलं. आज कोणी विचारलं तर सांगीन, पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा उघडीन, कारण वाचनालय राहिलं तर गोष्टी राहतील. पण अंधारात ऊन भसकन शिरलं आणि पोरांनी डोळ्यांवर हात घेतले. सगुणाबाई उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि बाहेर पडली. गोष्टीतली पोरगी तिथंच तीन वाटांवर उभी राहिली.

निरीक्षकांनी कंदिलाकडे पाहिलं. "हे काय चाललंय?"

"बालविभागाचा उपक्रम."

"अंधारात?"

"गोष्ट रात्रीची आहे, साहेब."

ते भले गृहस्थ होते. चहा घेतला आणि भेटवहीत लिहिलं की वाचनालय भरदुपारी बंद व अंधारात आढळले, मुलांची उपस्थिती उत्तम. त्या एका शेऱ्याचा खुलासा करता करता पुढं मला घाम फुटला, पण अनुदान राहिलं.

उरकुडा मात्र आला नाही.

शनिवारी शेवटची बस आली आणि गेली. रविवारी सगुणाबाई प्रत्येक बसला येऊन उभी. सोमवारी शाळेची घंटा झाली तेव्हा मी वर्तमानपत्रांचं बंडल घेऊन कोष्टीपुऱ्यावरून येत होतो. कुंदा अंगणात चरख्याशी बसली होती. मला पाहून तिनं मान खाली घातली. एरवी मी कोणाच्या घरात न विचारता शिरत नाही, त्या दिवशी शिरलो.

"सगुणाबाई, कामावरून सुटी मिळाली नसेल. गोष्टीचा काय संबंध?"

"मंग निरोप आला असता." तिचे डोळे सुजले होते. "खानीतला मानूस होय तो, मास्तर. काई झालं असन तं? म्या माह्या तोंडानं त्याची वाट मोडली."

मी बुद्धिवादी माणूस. अशा वेळी बोलायला माझ्याजवळ भरपूर होतं, पण तिच्या तोंडाकडे पाहून मी बंडल काखेत मारलं आणि निघालो. गावात तोवर बोभाटा झाला होता. वाचनालयात भरदुपारी गोष्ट मोडली आणि सगुणाबाईचा भाऊ हरवला. पोरांच्या मायांनी पोरं आवरली. मुलांचं कपाट पुन्हा पहिल्यासारखं शांत झालं. पुढच्या आठवड्यात मामा येणार असलेल्या घरांतून तर नेलेली पुस्तकंही मुदतीआधीच परत आली. एरवी त्यासाठी मला दारोदार फिरावं लागे.

मंगळवारी दुपारी मधल्या सुट्टीत पोरं ओरडत आली, "मामा आला, मामा आला!" मी वाचनालय उघडं टाकून धावलो.

उरकुडा डोमाजीच्या ओसरीवर बसून पाणी पीत होता. उंच, सावळा, अंगानं काटक, पण त्या वेळी मार खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता. झालं होतं ते असं. तुमसरहून तो भंडाऱ्याला बरोबर आला. भंडाऱ्याच्या स्टँडवर अड्याळवरून जाणारी पवनीची बस नेहमी एका ठरावीक झाडाखाली लागते, एवढी त्याची ओळख. त्या दिवशी मंडयांमुळे गर्दी, गाड्या कुठंही लागलेल्या. झाडाखाली साकोलीची उभी होती. हा चढला. रात्रपाळी करून आलेला, उभ्याउभ्या खांबाला टेकून झोपला. खच्चून भरलेल्या गाडीत कंडक्टर त्याच्यापर्यंत पोचेतो साकोली जवळ आली होती. उतरल्यावर शरमेनं कोणाला विचारवेना. तिथं खाणीतला एक जुना सोबती राहायचा, त्याला शोधत दुसरा दिवस गेला. त्यानं सोमवारी ठेवून घेतलं आणि मंगळवारी सकाळी हात धरून बसमध्ये बसवून दिलं.

डोमाजी मांडीवर थाप मारून हसला. "अरे, एवढी मोठी पाटी लागते नं बसले!"

"पाटी लागते जी," उरकुडा खाली पाहून म्हणाला. "पन ते मले काई सांगत नाही."

हीच वेळ आहे असं समजून मी पुढं सरसावलो. म्हणालो, "बघा सगुणाबाई, गोष्टीनं काही झालं नाही. त्यांना पाटी वाचता आली नाही म्हणून ते चुकले."

तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "चुकले का नाही पन वाट?"

चुकले होते.

खरा घोटाळा पुढंच झाला. रात्री जेवताना उरकुड्यानं भाचीचा विषय काढला, तेव्हा डोमाजी म्हणाला, "भाऊ, तुमचा उपकार माह्या माथ्यावर. पन ज्याले बस नाही समजली त्यानं मले शाळेचं नाही सांगावं." उरकुडा हात धुऊन ताटावरून उठला. ज्याच्या एका शब्दासाठी पोरगी वाट पाहत होती, त्याच्या शब्दाचं वजन साकोलीच्या स्टँडवर सांडून आलं होतं. कुंदानं हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. रडली नाही. भूगोलाचं पुस्तक तेवढं परत केलं.

उरकुड्याला गुरुवारी परत निघायचं होतं. बुधवारी मंडई म्हणून शाळा बंद होती, त्या धामधुमीत सगुणाबाई वाचनालयात आली. "मास्तर, अंधार करा. गोष्ट अर्धी राह्यली तं जातानीबी चुकन तो." मी पुन्हा कागद चिकटवले. मोजकीच पोरं आली. मध्ये उरकुडा मांडी घालून बसला, गुडघे पार कानाशी. तिनं पोरीला तीन वाटांवरून पुढं नेलं, कासवाशी भेटवलं. पोरगी कासवाला काही मागत नाही, नुसतं विचारते, पाठ दुखते का? आणि कासव वळतं. दर वाक्याला उरकुडा सगळ्यांच्या आधी हूं देत होता. दोघं लहानपणी एका गोधडीत झोपत तेव्हा हीच गोष्ट चाले, हे नंतर कळलं. शेवट झाला आणि मी दार उघडलं, तर तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. मला म्हणाला, "दरखेपी मी इथवर झोपून जात होतो जी. पहिल्यांदाच पुरी ऐकली." मी त्याचा हात हातात धरून उभा राहिलो. माझ्या जातीचा माणूस मला पंचवीस कोसांवरून भेटायला आला होता.

गुरुवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे बंडलासाठी बसथांब्यावर उभा होतो. सगुणाबाई, कुंदा आणि डोमाजी पाहुण्याला पोचवायला आले. मंडईची गर्दी परतत होती, जादा गाड्या सोडलेल्या. दोन बस एकीमागे एक येऊन उभ्या राहिल्या आणि लोक जीव खाऊन धावले.

"चढा, चढा भाऊ, हेच होय!" म्हणत डोमाजीनं मेव्हण्याच्या पाठीला रेटा दिला. उरकुड्याचा एक पाय पायरीवर गेला, गाठोडं आत टेकलं.

"बाबा," कुंदा म्हणाली, "हे लाखनीची होय."

लाखनी म्हणजे पुन्हा साकोलीचाच रस्ता. डोमाजीचा हात तसाच मेव्हण्याच्या पाठीवर राहिला. त्यानं पाटीकडे पाहिलं. डोळे बारीक करून, मान तिरपी करून बराच वेळ पाहिलं, आणि तेव्हा मला कळलं की त्या पाटीनं त्यालाही काही सांगितलं नव्हतं. तो अड्याळ सोडून फारसा कुठं जात नसे, आणि गेला तर कोणाच्या तरी मागून. मी तोंड दुसरीकडे वळवलं. सगुणाबाई पदराशी चाळा करत होती. तिला हे लग्नापासून ठाऊक असणार.

उरकुडा पायरीवरून उतरला. तो हसू शकला असता. ओसरीवर त्याच्यावर जेवढं हसणं झालं होतं तेवढं सगळं फेडून घेऊ शकला असता. त्यानं नुसतं गाठोडं काढलं आणि डोमाजीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

डोमाजीनं घसा साफ केला. पोरीकडे न पाहता म्हणाला, "आन् ते मंगची?"

कुंदानं मागच्या बसकडे मान वळवली.

"मंगची कोनची होय? वाच."

"भंडारा," कुंदानं वाचलं. मग पाटीवर खाली बारीक अक्षरं होती, तीही वाचली. कोणी सांगितलं नव्हतं तरी वाचली. डोमाजीनं मेव्हण्याचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, गर्दीत घुसून त्याला खिडकीशी जागा करून दिली आणि बस हलेपर्यंत खाली उभा राहिला.

बस वळणावरून दिसेनाशी झाली. शाळेची पहिली घंटा वाजली. डोमाजी घराकडे चालू लागला आणि चार पावलांवर थांबून, तसाच पाठमोरा, कुंदाला म्हणाला,

"दप्तर कुठं ठेवलं तुहं? चाल, काढ लवकर."